पोलिंग एजंटांचा बाक

‘कृपया येथे राजकीय चर्चा करू नये.’ नाशकात केस कापायच्या दुकानात ही पाटी असते, चहाच्या टपरीवर असते, एका मिसळीच्या हॉटेलात तर ती ‘उधार मागू नये’च्या बरोबर खाली लावलेली पाहिली. आमच्या स्टाफरूममध्ये पाटी नाही, पण ती आहेच असं धरून सगळे वागतात. मी नववी-दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र शिकवते. म्हणजे राजकारण हा माझ्या पगाराचा विषय आहे. तो वर्गात चालतो, डब्याच्या वेळी चालत नाही.

पूर्वी चालायचा. तावातावाने चालायचा. मग १ सप्टेंबर २०२३ ला जालन्यात अंतरवाली सराटीला लाठीमार झाला, मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं, आणि ओबीसींच्या बाजूने सर्वात मोठ्याने बोलणारे नेते आमच्याच जिल्ह्यातले, येवल्याचे आमदार छगन भुजबळ. त्यामुळे हा वाद आमच्याकडे टीव्हीतून आला नाही, तो टेबलावरच बसलेला होता. भांडण असं कुणाचंच झालं नाही. फक्त शेंगदाण्याची चटणी टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायची, ती मध्येच थांबायला लागली. मुख्याध्यापक म्हणाले, ‘राजकारण नको, बाकी काहीही बोला.’ मग सगळे सातव्या वेतन आयोगाच्या हप्त्यांवर बोलू लागले.

या ‘राजकारण नको’चा मला मनापासून राग येतो. त्याने कडवटपणा जातो कुठे? मनात राहतो, आणि घरी गेल्यावर मोबाइलमध्ये उतरतो. तिथे तर आपल्यासारखीच माणसं भेटतात. समोरच्या टोकाला बसलेल्या बाईंना नक्की काय वाटतं, त्यांच्या पोराला कुठे प्रवेश मिळाला नाही, हे विचारायची सोयच आपण काढून टाकली.

त्यात महाराष्ट्राची गंमत अशी, की नेते लोक हे असलं काही पाळत नाहीत. २३ नोव्हेंबर २०१९ ला पहाटे एक शपथविधी झाला, महिना संपायच्या आत दुसराच मुख्यमंत्री झाला. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. ज्यांनी एकमेकांवर सिंचनापासून सगळे आरोप केले ते एका गाडीतून उतरताना दिसले. नेत्यांना समोरच्याशी जुळवून घ्यायला एक रात्र पुरते. पण त्यांच्यासाठी ज्यांनी शेजाऱ्याशी बोलणं टाकलं, त्यांना कोण परत जुळवून देणार? आमच्या गल्लीत एक जण असा आहे, की ज्या पक्षावरून त्याने मेव्हण्याशी वाकडं घेतलं तो पक्ष आता त्याच्याच नेत्याबरोबर सत्तेत आहे. मेव्हणा मात्र अजून लग्नकार्यात दुसऱ्या पंगतीला बसतो.

मी कुणाला मत देते ते इथे लिहिणार नाही. एक तर शिक्षकाने लिहू नये, आणि दुसरं म्हणजे ते कळलं की निम्मे लोक इथूनच वाचायचं सोडतील.

लिहायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. आम्हा शिक्षकांना निवडणुकीची ड्यूटी लागते. तिच्याविषयी तक्रारी पुष्कळ आहेत, त्या सगळ्या खऱ्या आहेत : दोन-दोन प्रशिक्षणं, साहित्य वाटपाच्या मांडवातला धुरळा, रात्री उशिरापर्यंत मशिन जमा करायची रांग. पण मतदान केंद्रात एक बाक असतो. पोलिंग एजंटांचा, म्हणजे उमेदवारांनी केंद्रावर बसवलेल्या त्यांच्या प्रतिनिधींचा. गेल्या काही वर्षांत मला विरोधक एकत्र बसलेले दिसले असतील तर ते तिथेच.

लोकसभेला, २० मे २०२४ ला, मी दिंडोरीकडच्या एका गावात पहिली मतदान अधिकारी होते. पहिल्या अधिकाऱ्याचं काम काय, तर मतदार आला की यादीत त्याचा अनुक्रमांक काढायचा, ओळखपत्र बघायचं आणि नाव मोठ्याने वाचायचं. मोठ्याने अशासाठी, की मागे बसलेल्या एजंटांनी ऐकावं आणि खोटा माणूस असेल तर हरकत घ्यावी. एजंटांपुढे त्यांची-त्यांची यादी असते, ते तिच्यात खुणा करतात. कुणी कुठे बसायचं याचाही नियम आहे. आधी राष्ट्रीय पक्ष, मग राज्य पक्ष, असं करत शेवटी अपक्ष. म्हणजे बाहेर एकमेकांचे बॅनर फाडणारे आत खांद्याला खांदा लावून बसतात, आणि कुणाच्याही खिशात मोबाइल नसतो. केंद्रात मोबाइल चालतच नाही. सकाळी साडेपाचपासून संध्याकाळी सहापर्यंत. आजच्या काळात विरोधी पक्षाच्या माणसाशेजारी इतका वेळ फोनशिवाय बसायची वेळ आणखी कुणावर येते?

पहाटे साडेपाचला मॉक पोल, म्हणजे चाचणीचं मतदान. कमीत कमी ५० मतं टाकून बघायची, आणि ती एजंटांनीच टाकायची. मग निकाल काढायचा, व्हीव्हीपॅटमधल्या, म्हणजे मत कुणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्रातल्या, चिठ्ठ्या मोजायच्या, दोन्ही जुळल्या की मशिन ‘क्लिअर’ करायचं. त्या चिठ्ठ्या काळ्या पाकिटात घालून सीलबंद करायच्या, त्यावर सगळ्यांच्या सह्या. हिरव्या कागदी सीलवरही सह्या, आणि सीलचा नंबर प्रत्येकाने आपल्या वहीत लिहून घ्यायचा. त्या गावात लाइट गेलेली. एका एजंटाने बॅटरी धरली आणि दुसऱ्याने सीलचा नंबर वाचला. बॅटरी धरणारा सत्ताधाऱ्यांचा, नंबर वाचणारा विरोधकांचा. मग अदलाबदल, कारण वाचणाऱ्यावर भरवसा नव्हता. मला हे फार आवडलं. भरवसा नाही म्हणून कुणी उठून गेलं नाही, ‘आण इकडे, मी वाचतो’ म्हणाला, इतकंच.

दुपारी उन्हाचा कहर. मतदार तुरळक. एजंटांचा विषय निघाला कांद्याचा, दुसरा कुठला निघणार! डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली होती, ती ४ मे रोजी, म्हणजे मतदानाच्या पंधरवडाभर आधी उठवली. ‘उठवली की!’ एक जण म्हणाला. ‘उठवली, पण ४० टक्के शुल्क ठेवलं, त्याचं काय?’ दुसरा. दोघांचाही कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या शेडमध्ये, पडून. दोघांच्याही चाळीला खालून ओल लागून कांदा सडत होता. कुणाच्या सरकारमुळे भाव पडला यावर त्यांचं एकमत होणं शक्यच नव्हतं, आणि झालंही नाही. पण किती सडला, वजनात किती घट आली, लासलगावच्या बाजारात नेण्याचा खर्च किती, या आकड्यांवर दोघं एकमेकांना दुजोरा देत होते. शेवटी केंद्राध्यक्ष खेकसले, ‘कांदा बाहेर!’

खरा प्रसंग त्यानंतरचा. चारच्या सुमाराला एक आजी आल्या, डोळ्यांनी दिसत नव्हतं, सोबत एक तरणा मुलगा. अंध किंवा अपंग मतदाराला सोबती आणता येतो, त्याच्याकडून लिहून घेतात, पण एका माणसाला दिवसभरात एकाच मतदाराचा सोबती होता येतं. विरोधी एजंट म्हणाला, ‘हा सकाळी वरच्या आळीतल्या आजीबरोबर आला होता.’ मुलगा म्हणाला, ‘नाही.’ आवाज चढायला लागले, दारातला पोलीस आत डोकावला. मुलगा ज्या पक्षाचा, त्या पक्षाचा एजंट मान खाली घालून यादीवर पेन फिरवत होता. मग तो म्हणाला, ‘आला होता. खरंय.’

बस्स. प्रकरण मिटलं. उलट हरकत घेणाऱ्यानेच सुचवलं, ‘त्यांची सून घरीच असंल, तिला बोलवा.’ सून आली. आजींनी मत दिलं, ते कुणाला गेलं त्या दोघींनाच ठाऊक.

तो एजंट असा का बोलला, यावर मी बराच विचार केला. तो फार थोर मनाचा होता असं मला वाटत नाही. गावात तो दुसऱ्या दिवशी राहणार होता. शेजारच्याने सगळं डोळ्यांनी पाहिलेलं होतं. आणि संध्याकाळी नमुना १७-सी वर दोघांच्या सह्या व्हायच्या होत्या. रजिस्टरमध्ये किती मतदार, मशिनमध्ये किती मतं, याचा तो हिशोब. त्याची प्रत हजर असलेल्या प्रत्येक एजंटाला मिळते, आणि मतमोजणीच्या दिवशी मशिनचा आकडा त्याच्याशी ताडून बघतात. कायद्याने कुणाला ‘एकोप्याने राहा’ असं सांगितलेलं नाही. कायदा असं गृहीत धरतो, की ही माणसं एकमेकांवर विश्वास ठेवणार नाहीत, म्हणून त्यांना एका बाकावर बसवून तोच हिशोब सगळ्यांच्या हातात देतो. आपण सामंजस्यासाठी परिसंवाद भरवतो, त्यात दोन्हीकडची शहाणी माणसं बोलावतो. त्यापेक्षा हे मला जास्त खरं वाटतं.

आता कुणी म्हणेल, बाई, जगात काय चाललंय ते बघा. बघते. जून २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या ४८ पैकी ३० जागा आघाडीला गेल्या, तेव्हा आमच्या स्टाफरूममधली एक बाजू म्हणाली, लोकांना फसवलं. नोव्हेंबरमध्ये विधानसभेला महायुतीच्या तीन पक्षांना २८८ पैकी २३० जागा मिळाल्या, तेव्हा दुसरी बाजू म्हणाली, मशिनला फसवलं. सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीत तर ३ डिसेंबरला गावाने स्वतःच मतपत्रिकेवर मतदान घ्यायचं ठरवलं होतं, प्रशासनाने जमावबंदी लावली आणि ते बारगळलं. म्हणजे ज्या बाकाचं मी कौतुक करते तोच आता वादात आहे. मतदार याद्यांवरून तर जास्तच. मला स्वतःला वाटतं, शंका घेणाऱ्याला वेडा ठरवण्यापेक्षा बाक लांब करावा. याद्या, मोजणी, जे-जे दाखवता येईल ते दोन्ही बाजूंना शेजारी बसवून दाखवावं. त्यात वेळ जातो, पण मॉक पोललाही वेळ जातोच.

शहरात मात्र हा बाक लंगडा पडतो, हेही सांगायला हवं. १५ जानेवारी २०२६ ला महापालिकेची निवडणूक झाली. मार्च २०२२ पासून नाशिकला नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाच्या हातात. चार जागांचा प्रभाग, म्हणजे मतदाराने चार बटणं दाबायची. निम्मे लोक एक बटण दाबून निघायचे आणि त्यांना परत बोलवावं लागायचं. माझं केंद्र सिडकोतलं. एजंट पोरसवदा, हुशार, पण मतदारांपैकी त्यांना कुणीच माहीत नव्हतं. मी नाव वाचायची, ते यादीत खूण करायचे, मान वर करून बघायची कुणाला गरज वाटत नव्हती. हरकत घ्यायला किंवा ‘खरंय’ म्हणायला आधी माणूस ओळखीचा लागतो.

आणि एक गोष्ट इतिहासाची बाई म्हणून सांगते. दरवर्षी मी मुलांना पंचवटीत काळाराम मंदिरापाशी घेऊन जाते. २ मार्च १९३० ला तिथे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड तो नाशकात चालवत होते. त्या वर्षीच्या रामाच्या रथयात्रेला, ९ एप्रिलला, एक तडजोड ठरली होती. रामाचा रथ दोन्ही बाजूंच्या लोकांनी मिळून ओढायचा. ऐकायला किती सुंदर! प्रत्यक्षात सत्याग्रहींचा हात लागायच्या आतच रथ पुढे पळवला गेला. दगडफेक झाली, माणसं जखमी झाली. सत्याग्रह पुढे काही वर्षं चालला, दार उघडलं नाही, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ला आमच्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं, की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही.

हे मुलांना सांगताना एखादा तरी विचारतो, ‘मॅडम, थोडं यांनी, थोडं त्यांनी मागे घ्यायला हवं होतं ना?’ टीव्हीवरच्या चर्चेत ऐकलेलं असतं. मी विचारते, ‘जो दाराबाहेर उभा आहे त्याने आणखी किती मागे जायचं? गोदावरीत?’ मधला रस्ता सुचवणाऱ्या माणसाने आधी बघावं, दोन्ही बाजू एका उंचीच्या बाकावर बसल्यात का. एक बाकावर आणि एक उंबऱ्याबाहेर असेल, तर ती तडजोड रथासारखी पळवली जाते. ‘आपण सगळे एक’ हे आपल्याकडे बहुतेक वेळा बाकावर बसलेलाच म्हणतो.

अलीकडचं उदाहरण तपोवनाचं. २०२७ च्या सिंहस्थासाठी साधुग्राम उभारायचं म्हणून तिथली सतराशे-अठराशे झाडं काढायची नोटीस २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये निघाली आणि नाशिक पेटलं. मी गेले होते. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या पक्षांची माणसं एकाच वडाखाली उभी होती, शिवाय कुठल्याच पक्षाची नसलेली पुष्कळ. छान वाटलं, खोटं कशाला बोलू. पण थोडा वेळ थांबल्यावर दिसलं, की प्रत्येक गट आपल्या कॅमेऱ्याकडे तोंड करून बोलतोय. झाडं नक्की किती, त्यात जुनी किती आणि झुडपं किती, यावर प्रशासन एक सांगत होतं, आंदोलक दुसरं. माझ्या डोक्यात आपला बाक. म्हटलं, दोन माणसं पालिकेची, दोन आंदोलकांची, एक साधूंच्या आखाड्याचा, सगळ्यांनी एकत्र फिरून प्रत्येक खोडाला नंबर टाकावा आणि संध्याकाळी खाली सह्या कराव्यात. तोडायची की नाही ते नंतर भांडा. शेजारच्या काकांना हे बोलून दाखवलं तर ते म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही शिक्षिका ना?’ त्यांना कसं कळलं कोण जाणे.

घरचं सांगून थांबते. आमचं मूळ गाव निफाड तालुक्यात. आमचे हे नाशकात नोकरीला, भाऊजी शेती बघतात. दोघं दोन बाजूंचे. विधानसभेच्या निकालाच्या रात्री फोनवर असं काही बोलले, की त्यानंतर बोलणंच बंद. भाऊबीजेला ननंद आली तर एक सकाळी ओवाळून घेऊन गेला आणि एक संध्याकाळी आला. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, घरात राजकारण काढायचं नाही अशी शपथ घातली. उपयोग शून्य, कारण बोलतच कोण होतं?

पण विहीर सामाईक आहे. सासरे होते तेव्हापासून मोटारीच्या खर्चाची एक वही आहे. वीजबिल, स्टार्टर, केबल, जो खर्च करेल त्याने लिहायचा आणि दुसऱ्याने बघून सही करायची. बोलणं बंद झालं तरी वही चालू राहिली. गावाकडून येणाऱ्या दुधाच्या गाडीतून ती यायची आणि तिच्यातूनच परत जायची. यंदा उन्हाळ्यात मोटार जळाली, ह्यांनी नाशकातून रिवाइंडिंग करून पाठवली. भाऊजींनी वहीत सही केली नाही. लिहिलं, ‘रक्कम जास्त वाटते. पावती?’

हे चिडले. दोन दिवस धुमसले. मग रविवारी पावती खिशात घालून गावी निघाले, मीही गेले. ओट्यावर दोघं पावती मध्ये ठेवून बसले. तांब्याचा भाव, वायरचं वजन, जुनी तार परत मिळाली का, हा किस तासभर पडला. जुन्या तारेचे पैसे दुकानदाराने वजा केलेच नव्हते, ते भाऊजींनी काढून दाखवलं. ह्यांनी कबूल केलं, दुकानदाराला तिथूनच फोन लावला आणि दोघंही आळीपाळीने त्याच्याशी भांडले. मग सही झाली. सही झाल्यावर भाऊजी म्हणाले, ‘दादा, एक विचारू? तुझ्या त्या नेत्याने कांद्यासाठी काय केलं रे?’

मी आत ओट्याशी चहा टाकत होते. बाहेर आवाज वाढत गेला. निर्यात शुल्क, आरक्षण, पहाटेची शपथ, सगळं निघालं. आईंना मी म्हटलं, ‘अहो, शपथ मोडली तुमची. जाऊन थांबवू का?’

‘कशाला?’ त्या म्हणाल्या. ‘जेवायलाच थांबतील आता. दोन भाकरींचं पीठ जास्त मळ.’